नारायण मेघाजी लोखंडे : पाच मागण्यांमागचा माणूस

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात आठवड्यातून एक दिवस यंत्रे विसावतात. कोणाची सुट्टी रविवारी असते, कोणाची पाळीनुसार मधल्या एखाद्या वारी. नवी मुंबईच्या कारखान्यांत, गोदामांत आणि काचेच्या इमारतींतील कार्यालयांत काम करणाऱ्यांना ही सुट्टी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी कधी मागून घेतली असेल, असा विचारही मनात येत नाही. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावणे आले, पगार महिन्याचा मध्य उलटला तरी झाला नाही, किंवा यंत्रात हात सापडलेल्या सहकाऱ्याची जबाबदारी ठेकेदाराने झटकून टाकली, की मग मात्र कामगाराच्या मनात संताप दाटून येतो. हा संताप बहुधा चहाच्या टपरीवर किंवा परतीच्या लोकलमध्ये व्यक्त होतो आणि तेथेच विरून जातो.

नेमक्या याच तक्रारी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ओठांवर होत्या. त्या कुजबुजीतून बाहेर काढून, त्यांना पाच मुद्द्यांच्या अर्जाचे रूप देऊन, हजारो सह्यांनिशी सरकारपुढे मांडण्याचे काम ज्या व्यक्तीने केले, तिचा जन्म ठाणे खाडीच्याच काठी झाला होता. ती व्यक्ती म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु त्यांना लाभलेले आयुष्य पन्नास वर्षांचेही नव्हते आणि त्यांच्या पाच मागण्यांपैकी बहुतेक त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाल्या नाहीत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

ठाण्यातून गिरणीच्या भांडारात

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील, फुलमाळी समाजाचे. उपजीविकेसाठी हे कुटुंब ठाण्यास येऊन राहिले आणि तेथेच १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. तिच्या पाठोपाठ मुंबईत कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढील तीन दशकांत परळ, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग या परिसरात धुराड्यांची रांगच लागली. लोखंडे यांची पिढी ही यंत्रयुगाचा पहिला भोंगा ऐकत वाढलेली पिढी होय.

त्यांचे शिक्षण ठाण्यात झाले. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना लवकरच नोकरी धरावी लागली. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते मांडवी येथील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले. त्यांच्या पुढील कार्याची बीजे या नोकरीत आहेत. चात्या, पट्टे, बॉबिन, तेल, रंग असा गिरणीला लागणारा प्रत्येक जिन्नस भांडारातून जातो. त्यामुळे भांडारपालाचा एक पाय कचेरीत आणि दुसरा साच्याच्या खात्यात असतो. मालकाचा हिशेब त्याच्या वहीत उतरतो आणि मजुराचे गाऱ्हाणे त्याच्या खिडकीशी येऊन थबकते. लोखंडे स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. तथापि कामगाराचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले.

सूर्याच्या हाती असलेले घड्याळ

तो दिवस कसा होता? गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वीचा हा काळ. उजेड पडला की यंत्रे सुरू व्हायची आणि अंधार पडला की थांबायची. म्हणजेच हिवाळ्यात दिवस थोडा लहान आणि उन्हाळ्यात तेरा-तेरा तासांचा. दुपारी जेवणासाठी यंत्र थांबवण्याची पद्धत सर्वत्र नव्हती. शेजाऱ्याला साच्याकडे लक्ष ठेवायला सांगून भाकरीचे चार घास पोटात ढकलायचे, असा प्रकार चाले. कापसाची धूळ, बंद खिडक्या, दमट हवा आणि पट्ट्यांचा खडखडाट यांतच स्त्रिया आणि लहान मुलेही राबत असत.

आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली. काही गिरण्या रविवारी बंद असल्या, तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना अर्धा दिवस यावेच लागे. पगार महिन्याचा, पण तो हाती पडायला पुढचा महिना अर्ध्याहून अधिक उलटून जाई. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांवरच घर चाले. पगार असा अडकवून ठेवला की कामगार नोकरी सोडून जाऊ शकत नाही, हा त्यातील मालकांचा हिशेब होता. कापडात दोष निघाला की दंड व्हायचा. कधी ते सदोष कापडच विणकराच्या माथी मारून त्याची किंमत मजुरीतून वळती केली जायची. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या मर्जीवर होते आणि ती मर्जी राखण्यासाठी दस्तुरी मोजावी लागत असे. यंत्रात सापडून हात किंवा बोटे गमावलेल्या माणसाला गावची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सरकारने १८८१ साली पहिला कारखाना कायदा केला होता. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा व महिन्यातून चार सुट्ट्या ठरवून दिल्या. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूदही त्यात होती. प्रौढ पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांविषयी मात्र या कायद्यात अवाक्षर नव्हते.

‘दीनबंधू’चे संपादक

लोखंडे यांच्या मनाची जडणघडण झाली ती सत्यशोधक समाजात. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात या समाजाची स्थापना केली. लोखंडे लवकरच त्यात सामील झाले आणि मुंबईतील कार्याची धुरा त्यांच्याकडे आली. शेतकऱ्याचे दैन्य हा फुले यांच्या चिंतनाचा केंद्रबिंदू होता. दुष्काळ, सारा आणि कर्ज यांनी गांजलेला तोच कुणबी कोकणातून व देशावरून मुंबईत येऊन गिरणीच्या दारात उभा राहत होता. गुरूने शेतातील माणसाचा प्रश्न मांडला, तर शिष्याने त्याच माणसाचा गिरणीतील प्रश्न हाती घेतला.

सत्यशोधक विचारांच्या प्रसारासाठी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केले होते. आर्थिक अडचणींमुळे ते चालवणे कठीण झाल्यावर लोखंडे यांनी काही सहकाऱ्यांच्या मदतीने १८८० साली ते मुंबईस आणले आणि अखेरपर्यंत त्याच्या संपादनाची जबाबदारी वाहिली. शेतकरी, कामगार आणि बहुजन समाज यांच्या जीवनाला वाहिलेले असे नियतकालिक चालवणे त्या काळी सोपे नव्हते. वाचकवर्ग गरीब, त्यातही साक्षर थोडे. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशीच त्या वस्त्यांतील वाचनाची रीत होती. तथापि गिरणीतील दंड, रखडलेला पगार, अपघात हे विषय छापील शब्दांत येऊ लागले आणि आपल्यावर होणारा अन्याय हे नशिबाचे भोग नसून चर्चेचा विषय आहे, ही जाणीव कामगारांत रुजू लागली.

परळची सभा आणि पाच मागण्या

कारखाना कायद्यात सुधारणा हवी की नको, हे तपासण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली डब्ल्यू. बी. म्युलॉक यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगापुढे गिरणीमालक बोलणार, व्यवस्थापक बोलणार, डॉक्टर बोलणार, हे उघड होते. ज्यांच्यासाठी ही चौकशी, त्यांचे म्हणणे कोण मांडणार, हा प्रश्न लोखंडे यांनी वेळीच ओळखला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या. कामगारांनी आपल्या मागण्यांसाठी अशी जाहीर सभा घ्यावी, ही गोष्टच शहराला नवीन होती.

सभेत मंजूर झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या मोजून पाच होत्या. प्रत्येक रविवारी सर्वांना पूर्ण दिवसाची सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार उशिरात उशिरा पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर असताना गंभीर दुखापत झाली, तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले, तर उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

आजच्या वाचकाला या मागण्या फार माफक वाटतील. आठ तासांचा दिवस त्यांत नाही, पगारवाढ नाही, नफ्यातील वाटा तर नाहीच. सूर्योदयाऐवजी साडेसहा, एवढीच कामाच्या तासांतील सवलत. परंतु या माफकपणामागे व्यवहारज्ञान होते. मालकांना परवडणार नाही, असे सहजासहजी म्हणता येऊ नये आणि सरकारला ऐकून घेण्यावाचून पर्याय राहू नये, अशी त्यांची मांडणी होती. पाचही मुद्दे रोजच्या अनुभवातून आलेले होते. सभेला आलेल्या प्रत्येक कामगाराला त्यांतला एखादा तरी मुद्दा स्वतःचाच वाटावा, असे होते.

या घडामोडींतूनच ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उदयास आली. लोखंडे तिचे अध्यक्ष होते. भारतातील पहिली कामगार संघटना असा तिचा गौरवाने उल्लेख होतो. त्याच वेळी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आजच्या अर्थाने ती ‘युनियन’ नव्हती. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणीचा निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते. सभा, अर्ज आणि वर्तमानपत्र एवढीच तिची साधने होती. म्हणूनच काही अभ्यासक लोखंडे यांना कामगार पुढारी म्हणण्याऐवजी कामगारांचे हितचिंतक म्हणणे पसंत करतात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ज्या काळी संघटनेला कायद्याचे कोणतेही संरक्षण नव्हते आणि सभेला गेल्याचे कळले तर दुसऱ्या दिवशी जॉबर दारातूनच परत पाठवू शकत होता, त्या काळी साडेपाच हजार माणसांनी आपले नाव किंवा अंगठा कागदावर उमटवणे हे लहान धाडस नव्हते.

मालक, मँचेस्टर आणि देशी वर्तमानपत्रे

मालकांचा विरोध अपेक्षितच होता. मजूर मुळात शेतकरी आहे, तो मनात येईल तेव्हा गावी जातो, कामाच्या वेळात विडी ओढायला बाहेर पडतो, सण भरपूर पाळतो. त्याला आणखी सुट्टी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असे. तास कमी केले तर मजुरीही घटेल आणि त्यात मजुराचेच नुकसान होईल, असेही ते बजावत.

लोखंडे यांच्यापुढील खरी अडचण याहून गुंतागुंतीची होती. हिंदुस्थानातील गिरण्यांवर निर्बंध घालावेत, यासाठी लँकेशायर-मँचेस्टरचे कापड उत्पादक इंग्लंडमध्ये सतत आग्रह धरत होते. त्यांना मुंबईच्या मजुरांचा कळवळा होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या बाजारपेठा खात होते, हे त्यामागचे मोठे कारण होते. साहजिकच देशी उद्योगाचा अभिमान बाळगणाऱ्या अनेक नेत्यांना आणि वृत्तपत्रांना कारखाना कायदा म्हणजे परक्या स्पर्धकांचा डाव वाटला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनीही अशा कायद्याला विरोध केला. देशी गिरणी जगली पाहिजे, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी होती.

परंतु देशी गिरणीतील देशी मजुराचे काय, हा प्रश्न तरीही उरतच होता. तो ज्या थोड्या लोकांनी विचारला, त्यांत सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक होते. कायदा व्हावा म्हणून त्यांनी १८७८ पासूनच खटपट चालवली होती. दुसरे नाव लोखंडे यांचे. मँचेस्टरचा स्वार्थ कोणता आणि मुंबईच्या मालकाचा कोणता, या वादात न अडकता त्यांनी मजुराचे हित मध्यभागी ठेवले. देशाभिमानाच्या आरोळीत मजुराचा आवाज दडपला जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती आणि त्यासाठी त्यांना टीकाही सोसावी लागली.

दहा जून १८९०

म्युलॉक आयोगाचा अहवाल आला, पण सरकारने त्यावर लगेच काहीच केले नाही. पाच वर्षे अशीच गेली. दरम्यान, गिरण्यांची आणि कामगारांची संख्या वाढत गेली. मार्च १८९० मध्ये बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रांची कामगारविषयक परिषद भरली. रविवारची विश्रांती, स्त्रिया व मुलांचे काम हे विषय तेथे चर्चेला आले आणि ब्रिटिश सरकारवरील दडपण वाढले.

लोखंडे यांनी ही वेळ अचूक साधली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील मैदानावर कामगारांची विराट सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. या सभेत दोन स्त्री कामगारांनी व्यासपीठावरून भाषणे केली. सुशिक्षित घरांतील स्त्रियाही जाहीर सभेत क्वचितच बोलत, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांनी दहा हजारांच्या जमावापुढे उभे राहावे, हे सत्यशोधक संस्कारांचे फळ होते. सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारे निवेदन गिरणीमालकांच्या संघाकडे धाडले.

रविवारच का, याचेही उत्तर मजुरांच्या जीवनात होते. रविवार हा खंडोबाचा वार. गावाकडून आलेल्या मराठी कष्टकऱ्याला त्या दिवसाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय विणकरांसारख्या अनेकांची मजुरी नगावर ठरत असल्याने सुट्टीचा दिवस म्हणजे त्यांच्या कमाईतील खोट होती. तरीही त्यांनी सुट्टी मागितली, यावरून शरीर किती थकले असेल, याची कल्पना येते.

अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत पन्नास हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. संप नाही, दगडफेक नाही. सहा वर्षांची चिकाटी आणि योग्य वेळी उभे केलेले संख्याबळ यांच्या जोरावर हे घडले. कायदा येऊ घातला आहे आणि उद्या तो सक्तीने पाळावा लागण्यापेक्षा आज आपणहून देणे शहाणपणाचे आहे, असाही विचार मालकांनी केला असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी केंद्र सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवा कारखाना आयोग नेमला. मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी आयोगाच्या दारात अर्ज घेऊन गेलेला माणूस आता चौकशीच्या मेजापाशी बसला होता. आयोगाच्या अहवालानंतर १८९१ चा कारखाना कायदा झाला. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती त्यात समाविष्ट झाली. कामावर घेण्याचे किमान वय नऊ झाले, मुलांसाठी सात तासांची आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. पन्नास माणसे असलेले कारखानेही आता कायद्याच्या कक्षेत आले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र या कायद्यानेही हात लावला नाही.

गिरणीबाहेरचे लोखंडे

कामगाराचा प्रश्न केवळ गिरणीच्या फाटकाआड संपत नाही, अशी लोखंडे यांची धारणा होती. ११ मे १८८८ रोजी मांडवी कोळीवाड्यात जोतीराव फुले यांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्या समारंभाच्या आयोजनात लोखंडे यांचा पुढाकार होता. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये सभा घेऊन केला, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. ज्यांच्या हातात वस्तरा आहे त्यांनीच नकार दिला, तर ही दुष्ट रूढी चालणार कशी, असा त्यामागचा विचार होता. कष्टकऱ्याने आपल्या कामाचा उपयोग कशासाठी होऊ द्यायचा, हे ठरवण्याचा हक्क बजावल्याचे ते एक विरळ उदाहरण आहे.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. अनेकांचे प्राण गेले. गिरणगावातील मजूरही त्यात ओढले गेले. एकाच साच्याखात्यात शेजारी उभी राहणारी माणसे एकमेकांवर उठलेली पाहून लोखंडे व्यथित झाले. त्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांचा मोठा मेळावा भरवून सलोख्यासाठी प्रयत्न केले. त्यांच्या सार्वजनिक कार्याची दखल घेऊन सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. ज्या सरकारकडे अर्ज करायचे, त्याचीच पदवी स्वीकारायची, याचा आजच्या वाचकाला अचंबा वाटेल. परंतु अर्ज, पुरावा आणि कायदा या मार्गावर त्यांचा विश्वास होता आणि त्या मार्गात सरकारदरबारी असलेली पत उपयोगी पडते, हे ते जाणून होते.

प्लेगच्या वणव्यात

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला, तो मांडवी भागातच. याच परिसरात लोखंडे यांनी गिरणीची नोकरी केली होती. थोड्याच दिवसांत ही साथ शहरभर पसरली. लोक मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, गावाकडे पळू लागले. गिरणगाव ओस पडले. एरवी दारात आलेल्या मजुराला परत पाठवणाऱ्या गिरण्यांना आता माणसे मिळेनात. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढ होऊ लागली आणि महिनोन्महिने पगार अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी मोजण्यास तयार झाले. जे साऱ्या अर्ज-विनंत्यांनी साधले नव्हते, ते मृत्यूच्या भयाने काही काळापुरते घडवून आणले.

या दिवसांत शहर सोडून जाणे लोखंडे यांना अशक्य नव्हते. ते गेले नाहीत. रुग्णांची शुश्रूषा आणि गरीब वस्त्यांतील मदतकार्य यांत त्यांनी स्वतःला झोकून दिले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभरातच, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही याच रोगाने मृत्यू आला. सत्यशोधक चळवळीची दोन मोठी माणसे एकाच साथीत आणि एकाच कारणाने गेली.

मागण्यांचा पुढचा प्रवास

लोखंडे गेले आणि त्यांची संघटनाही त्यांच्यासोबत मावळली. सभासद नाहीत, निधी नाही, नियम नाहीत, या उणिवेची किंमत येथे मोजावी लागली. गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला, आणि त्याविरुद्ध अर्ज लिहून सह्या गोळा करणारे कोणी नव्हते. पुढे १९०९ साली सत्यशोधक विचारांच्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तेव्हा हा तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला.

परळच्या सभेतील पाच मागण्यांचा हिशेब मांडला, तर त्यांपैकी दोन लोखंडे यांच्या हयातीत पदरात पडल्या. सुट्टी आणि दुपारची विश्रांती १८९१ च्या कायद्यात आली. गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली आणि तीही बारा तासांची. म्हणजे मागणीनंतर सत्तावीस वर्षांनी. अपघातातील नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, एकोणचाळीस वर्षांनी. पगार अमुक तारखेच्या आत झालाच पाहिजे, हे बंधन १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातले, तेव्हा त्या मागणीला बावन्न वर्षे उलटून गेली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या चार कामगार संहितांत हे जुने कायदे सामावले गेले. त्यांतही साप्ताहिक सुट्टी, अपघाताची भरपाई आणि मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देण्याचे बंधन आहे.

३ मे २००५ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित झाले. परळ येथील राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. या सन्मानांमुळे त्यांचे नाव टिकून राहील. परंतु त्यांनी आखून दिलेली कामाची पद्धत अधिक उपयोगाची आहे. त्यांनी मालकाच्या दुष्टपणाविषयी नुसता त्रागा केला नाही. तक्रारींतून नेमके पाच मुद्दे निवडले, ते कागदावर उतरवले, त्याखाली हजारोंच्या सह्या घेतल्या आणि तो कागद ज्याला उत्तर देणे भाग आहे, त्याच्या हाती दिला. उत्तर आले नाही, तेव्हा सहा वर्षे तीच मागणी पुन्हा पुन्हा मांडली.

नवी मुंबईच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या नावावर राबणारा हंगामी कामगार असो, की रात्रपाळीत परदेशी ग्राहकांचे फोन घेणारा पदवीधर, त्याच्या पाठीशी आज कायदा उभा आहे. लोखंडे यांच्या कामगारांपाशी तोही नव्हता. मात्र सुट्टी बुडाली, पगार लांबला किंवा अपघात दडपला गेला, तर कायद्याचे ते पान आपोआप उघडत नाही. कोणीतरी तक्रार लिहावी लागते आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने त्याखाली सही करावी लागते.